काड्यांच्या गठ्ठ्यापासून सुरुवात: वर्ग बदलताना गाव सोबत कसं घ्यावं

शाळेत नवी पद्धत आणायची म्हटली की बोलणं लगेच टीव्ही आणि टॅबवर येतं. मी द्विशिक्षकी शाळेत शिकवतो, आणि माझा आग्रह आहे की सुरुवात शंभर काड्या आणि मूठभर रबरांनी करा.

पण त्याआधी एक आठवडा फक्त पाहण्यात घालवा. एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला द्या: अक्षरं, मग शब्द, मग पहिलीचा परिच्छेद, मग दुसरीची गोष्ट. मुलांना वाचन-गणित किती येतं हे तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीत ‘प्रथम’ ही शिक्षणात काम करणारी संस्था हेच टप्पे वापरते. एका मुलाला पाचेक मिनिटं लागतात. चौथीतलं मूल शब्दांवरच अडतंय हे दिसलं की पोटात तुटतं, पण ते वहीत लिहून ठेवा. पुढे रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवायची आणि ज्याला जे येतं त्यानुसार गट करायचे.

आता काड्या. दहा-दहांचे गठ्ठे बांधा, थोड्या सुट्या ठेवा. 43 वजा 17 हे गणित फळ्यावर दिलं की बरीच मुलं 34 लिहितात, कारण सातातून तीन काढणं त्यांना सोपं वाटतं. तेच गणित जमिनीवर मांडायला सांगा: चार गठ्ठे, तीन सुट्या. सात काड्या द्यायच्या आहेत आणि हातात तीनच आहेत. इथे तुम्ही गप्प बसा. हे गप्प बसणं फार जड जातं, मलाही जायचं. कुणीतरी एका गठ्ठ्याचं रबर काढतं, तेरा सुट्या होतात, सात जातात, सहा उरतात. सतरातल्या दहासाठी आणखी एक गठ्ठा गेला की समोर दोन गठ्ठे, सहा काड्या. सव्वीस. मुलांनी हे स्वतःच्या हातांनी केलं की मगच वहीतली उभी मांडणी दाखवा. मूल स्वतः करून पाहत आपलं ज्ञान आपणच रचतं, ज्ञानरचनावाद म्हणतात तो हाच. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) शाळांनी तो फरशीवरच्या आखणीतून आणि हाताळायच्या साहित्यातून रुजवला.

महिनाभराने गावाला बोलवा. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. पण सभा सकाळी अकराला ठेवली तर येणार कोण? त्या वेळी आया शेतात असतात. डेअरीवर दूध घालून झाल्यावरची वेळ धरा आणि सोयाबीन काढणीचे दिवस टाळा. भाषण करू नका, मुलांना काड्या मांडू द्या. आमच्याकडे तिसरीतली एक मुलगी गठ्ठा सोडत होती, तेव्हा बाजारात भाजी विकणारी एक आई म्हणाली, “जुडी सोडल्याबिगर सुटी मेथी कशी द्यायची?” दुसऱ्या दिवशी तिनेच वर्गात येऊन बाजार मांडला.

गावाकडे आधी पैसे मागू नका, वेळ आणि हुन्नर मागा. सुताराकडून मोजमाप शिकता येतं, शिंपीकाकांच्या टेपवर सेंटिमीटर, आजीकडून तिच्या बोलीतली गोष्ट. ती गोष्ट मुलांनी लिहून काढली की वाचनाचा धडा तयार. निरक्षर आईलाही काम द्या: मूल रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचेल, तिने फक्त शेजारी बसून ऐकायचं.

यंत्रं नंतर आणा, आणि त्याआधी वीजबिल कोण भरणार, बिघाड झाला तर दुरुस्ती कोण करणार हे ठरवा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांच्या कामामुळे ओळखीचे झालेले क्यूआर कोड आज पाठ्यपुस्तकातच असतात. ते उघडायला एका पालकाचा फोनही पुरतो. लोकवर्गणी जमलीच तर प्रत्येक रुपयाची पावती द्या आणि हिशेब शाळेच्या फळ्यावर लिहा.

दोन महिन्यांनी तीच वाचन-चाचणी पुन्हा घ्या. समितीतल्या दोन आयांना शेजारी बसवा. गट किती पुढे सरकला ते सभेत सांगा, पण मागे राहिलेल्यांची नावं तिथे वाचू नका. त्यांच्या घरी संध्याकाळी जा आणि काड्या सोबत न्या.