पावसाळ्यात लेथला गंज लागू नये म्हणून
आमच्या रत्नागिरीकडे जून लागला की हवा खारट आणि ओली, लेथच्या (धातू कातायच्या मशीनच्या) बेडवर, म्हणजे खालच्या लांब लोखंडी पाटावर, सकाळी हाताचा ठसा पडला तर संध्याकाळपर्यंत तिथेच तांबूस डाग दिसतो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे मशीनवर प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळणे (मी पण केलंय), आत दमट हवा अडकते, रात्री लोखंड गार झालं की त्यावर दव धरतं. त्यापेक्षा काम संपलं की बुरादा झाडून बेड कोरडा पुसा, ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल (मशीनच्या सरकत्या भागांचं तेल) कपड्याने फिरवा आणि वर जुनी सुती चादर टाका. बेडखाली एक छोटा पिवळा बल्ब रात्रभर चालू ठेवला तर लोखंड हवेपेक्षा जरासं गरम राहतं, मग दव धरतच नाही, फक्त बल्ब चादरीला आणि तेलाच्या चिंध्यांना लागू देऊ नका, एलईडी चालणार नाही कारण ऊब हवीय. खोबरेल तेल अजिबात नको, कालांतराने खवट होतं. मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन), रीमर (भोक अचूक मापाचं करायचं हत्यार) आणि इंजिनच्या बिडाच्या पिस्टन रिंगा तेल लावून घट्ट डब्यात, सोबत सिलिका जेल.