जुन्या ट्रॅक्टरचा लिलाव: बोली लावायच्या आधी किंमत कशी काढायची

बडोद्याच्या आसपासच्या गावांत अजून कुठेकुठे जुने हिंदुस्तान ट्रॅक्टर उभे दिसतात. हे इथलेच, बडोद्यात बनलेले, झेटर या झेक कंपनीच्या टेक्नॉलॉजीवर, पुढे 1978 ला कंपनी गुजरात सरकारकडे गेली आणि 1999 ला महिंद्राकडे. असा एखादा लिलावात निघाला की कोणी म्हणतं भंगार आहे, कोणी म्हणतं अँटिक आहे, लाखो मिळतील. दोन्ही अंदाजपंचे. आकडा आधी घरी बसून काढायचा.

पहिलं काम, खालची किंमत. ट्रॅक्टरचं वजन गुणिले त्या दिवसाचा भंगाराचा किलोचा भाव. दीड टनाचा असेल तर 1500 किलो धरा. याच्या खाली सहसा कोणी सोडत नाही.

मग बघायचं की हे मॉडेल किती बनलं होतं आणि आज किती उरलंय, कारण नुसत्या वयाला फार भाव नाही. अमेरिकेतला फोर्ड 8एन बघा, 1947 ते 1952 मधला, म्हणजे सत्तरी ओलांडलेला, पण 5 लाखांच्या वर बनला म्हणून चालू कंडिशनचासुद्धा लिलावात दोन-तीन हजार डॉलरला मिळून जातो. उलट 1910 च्या दशकातला केस कंपनीचा 30-60 ट्रॅक्टर, थोडेच बनले, त्यातले बरेच भंगारात वितळले, आणि 2022 मध्ये एकाची बोली 10 लाख डॉलरच्या वर गेली.

आता प्रत्यक्ष बघणी, आणि इथे घाई अजिबात करू नका. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचा, डिझेलचं फडकं घेऊन ग्रीस पुसा. हे नंबर असलेल्या प्लेटचे रिव्हेट जुने आहेत की नवे स्क्रू मारलेत ते बघा, नवे असतील तर प्लेट दुसऱ्या गाडीची असू शकते. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा, ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंय, गॅस्केट (इंजिनच्या जोडातलं सील) तरी गेलं असेल नाहीतर ब्लॉकला तडा असेल, आणि तडा म्हणजे मोठा खर्च. इंजिन हाताने फिरतं का बघा, जाम असेल तर बोली भंगाराच्या आसपासच ठेवा. नव्या चकचकीत रंगाला भुलू नका हो, मला तर रंग उडालेला पण ओरिजिनल बोनेट, ओरिजिनल स्टिअरिंग, ओरिजिनल मीटर असलेला ट्रॅक्टर कधीही जास्त मोलाचा वाटतो, संग्राहकही तेच शोधतात. गहाळ पत्रा परत मिळवणं फार कठीण जातं, इंजिनचे पार्ट त्या मानाने सापडतात.

कागद: आरसी बुक, त्यावर बँकेचा बोजा उतरलाय का, नंबर जुळतात का. बस.

भाव शोधताना विकणाऱ्याने मागितलेली किंमत धरू नका, विकला गेला तो आकडा धरा. परदेशी लिलावांत बोलीवर बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून लिलाववाला घेतो ते कमिशन, वेगळा लागतो, तोही जोडा. डॉलरचे आकडे रुपयांत करून गावातल्या ट्रॅक्टरला लावू नका, तिकडे गिऱ्हाईक वेगळं आहे.

शेवटी रिपेअर, टायर आणि ट्रेलरचं भाडं या काढलेल्या भावातून वजा करा, उरलेला आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा, आणि बोली त्याच्या वर गेली की हात खाली.