सीमाभागातला व्हिडिओ पुढे पाठवताय? या चुका टाळा

१ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस, जवळ आला की बेळगावच्या ग्रुपांवर जुने हाणामारीचे व्हिडिओ पुन्हा फिरू लागतात. एकच व्हिडिओ मराठी ग्रुपवर ‘आपल्या माणसाला मारलं’ आणि कन्नड ग्रुपवरही ‘आपल्याच माणसाला मारलं’ म्हणून फिरताना मी पाहिलाय.

त्यामुळे सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपल्या भाषेतली ओळ वाचून थांबणं. व्हिडिओ थांबवा, दुकानांच्या पाट्या वाचा, गाड्यांचे नंबर बघा. केए-२२ बेळगावचा, केए-२३ चिक्कोडीचा, एमएच-०९ कोल्हापूरचा. नंबरवरून जागा सिद्ध होत नाही, पण शंका घ्यायला धागा मिळतो. मग स्क्रीनशॉट गूगल लेन्सवर (फोटोवरून शोध घेणारं ॲप) टाका आणि शोध कन्नडमध्येही घ्या. कन्नड येत नसेल तर शेजाऱ्याला विचारा. आपल्याकडे प्रत्येक गल्लीत दोन्ही भाषा जाणणारी माणसं आहेत, एवढी सोय बाहेरच्या कुठल्या तपासनीसाकडे (फॅक्ट चेकरकडे) असणार?

याच्या उलटी चूकही तितकीच वाईट: सगळंच फेक म्हणून सोडून देणं. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, ती खरीच होती. त्याच महिन्यात दोन्ही मुख्यमंत्र्यांसोबतच्या बैठकीनंतर अमित शहांनी सांगितलं, की बड्या नेत्यांच्या नावाच्या बनावट ट्विटर खात्यांनीही वातावरण तापवलं. घटना खरी, तिच्यावर बोलणारं खातं खोटं, असंही होतं. म्हणून दोन्ही वेगवेगळं तपासा.

‘मेटानं (फेसबुकच्या मालक कंपनीनं) बाहेरच्या संस्थांकडून होणारं फॅक्ट चेक बंद केलं, आता काय उपयोग,’ असंही ऐकतो. जानेवारी २०२५ची ती घोषणा अमेरिकेपुरती होती. तपासनीस पक्षपाती आहेत हा त्यामागचा कंपनीचा आरोप. पण तपासनीस पोस्ट काढत नसत. ते शेरा देत, पोस्ट दाबायची की काढायची हे कंपनी ठरवे. त्याजागी आणलेली कम्युनिटी नोट्सची पद्धत एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) आधीपासून आहे. तिथं वापरणारेच पोस्टवर टीप लिहितात, आणि एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या लोकांनी ती टीप उपयोगी ठरवली तरच ती सगळ्यांना दिसते. कल्पना मला आवडते, पण सीमाप्रश्नावर अशी सहमती तासाभरात कशी व्हायची? आणि दगड तर तासाभरात पडतात. टीप नाही म्हणजे पोस्ट खरी, असं धरू नका.

सरकारनं ठरवावं म्हणाल, तर केंद्राच्या कारभाराबद्दलच्या बातम्या खऱ्या-खोट्या ठरवणाऱ्या सरकारी फॅक्ट चेक युनिटची तरतूद मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. मला तो निकाल योग्य वाटतो. सरकारनं स्वतःबद्दलच्याच बातम्या खऱ्या-खोट्या ठरवू नयेत.

व्हॉट्सॲपवर तर बाहेरचा कुणी शेरा मारूच शकत नाही. दोन बाणांची खूण मेसेज खूप फिरलाय एवढंच सांगते, खरा-खोटा नव्हे.

चुकून पाठवलाच तर नुसता डिलीट करू नका, पाहणाऱ्यांनी तो आधीच पाहिलेला असतो. ज्या ज्या ग्रुपवर तो गेला तिथं दुरुस्ती लिहा, खानापूर-निपाणीच्या पाहुण्यांच्या ग्रुपवरसुद्धा.