वायरलेस चार्जर वापरताय? या चुका टाळा

आमच्या शेजारच्या काकू, कोथरूडमध्येच, मागच्या एप्रिलात वायरलेस चार्जरचं पॅड गॅलरीत नेऊन ठेवायच्या. का, तर घरात नातवंडं खेळतात, रेडिएशन नको. दुपारी दोनचं ऊन, त्यात पॅडची स्वतःची गरमी, फोन इतका तापला की स्क्रीनवर वॉर्निंग आली आणि चार्जिंग बंद. मग मला हाक, "अरे बघ रे, चार्जर बिघडला वाटतं." चार्जर एकदम ठणठणीत होता. हे मला बऱ्याच घरांत दिसतं, लोक लहरींना घाबरतात आणि ज्या दोन गोष्टींना खरंच जपायला हवं, म्हणजे उष्णता आणि मॅग्नेट, तिकडे कुणाचं लक्षच नसतं.

आधी रेडिएशनचं सांगतो. पॅडमध्ये तांब्याच्या तारेची एक कॉइल असते, फोनच्या पाठीत दुसरी, आणि फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेल्या इंडक्शनवर, म्हणजे एका कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे दुसरीत वीज तयार होते त्यावर, हे सगळं चालतं. साध्या पॅडमध्ये फ्रिक्वेन्सी साधारण १०० ते २०० किलोहर्ट्झ, नव्या मॅग्नेटवाल्या ‘ची-टू’ (Qi2) मानकाच्या चार्जरमध्ये ३६० च्या आसपास. एक्स-रेसारखं पेशीतल्या डीएनएला तोडायची ताकद यात नाही, आणि ते चुंबकीय क्षेत्र अंतर वाढलं की फार झपाट्याने कमी होतं. फोन ठेवलेला नसेल तर पॅड फक्त अधूनमधून बारीकसा सिग्नल सोडून वर काही आलंय का बघतं. त्यामुळे पोरं त्या खोलीत खेळली म्हणून काही होत नाही, पॅड खुशाल घरात ठेवा, सावलीत, पंख्याखाली.

आता मॅग्नेट, आणि हे मी कळकळीने सांगतोय. बाबांना पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र आहे, छातीत डाव्या बाजूला, कॉलरबोनखाली, आणि त्यांची जन्माची सवय म्हणजे फोन शर्टाच्या डाव्या खिशात. मीच त्यांना हौसेने पाठीत मॅग्नेटची रिंग असलेला फोन घेऊन दिला आणि दोन आठवड्यांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेसमेकर आणि शॉक देणारं आयसीडी, दोन्हींमध्ये मॅग्नेट ओळखायची सोय मुद्दाम ठेवलेली असते, डॉक्टरांना तपासणीसाठी लागते म्हणून. मॅग्नेट जवळ आला की पेसमेकर सहसा ठरावीक वेगाने ठोके द्यायला लागतो, आणि आयसीडी मात्र जीवघेणे ठोके ओळखून शॉक द्यायचं कामच थांबवू शकतं. मॅग्नेट लांब गेला की सहसा पूर्ववत होतं, पण नेमकं त्या वेळात काही झालं तर? जानेवारी २०२१ मध्ये ‘हार्ट ऱ्हिदम’ या जर्नलमध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हेच छापलं होतं, आयफोन १२ पेशंटच्या छातीजवळ धरल्यावर आयसीडी थांबलं.

म्हणून फोन छातीपासून किमान १५ सेंमी लांब, आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंमी, असं ॲपल स्वतः सांगतं. बाबांना म्हटलं, "बाबा, फोन आता पँटच्या खिशात, आणि झोपताना उशाशी पॅड नाही." दोन दिवस कुरकुरले, मग सवय झाली. इअरबडच्या डबीतही मॅग्नेट असतो, तीही वरच्या खिशात नको. तत्त्व तेच असलेली इंडक्शन शेगडी तर त्याहून बरीच ताकदवान, पेसमेकरवाल्यांनी तिच्यापासून ६० सेंमी लांब राहावं असं सांगतात, म्हणजे चालू शेगडीवर वाकून फोडणीचा वास घ्यायचा नाही. घरात कुणाला इन्सुलिन पंप असेल तर त्याचं माहितीपत्रक काढून वाचा आणि डॉक्टरांना विचारा.

उष्णतेकडे येऊ. पॅडवर किल्ल्या, सेफ्टी पिना, सुट्टे पैसे टाकायची सवय मोडा. आपली १ आणि २ रुपयांची नाणी स्टीलची, फोन आणि पॅडच्या मध्ये अडकलं तर नाणंच तापतं. चांगलं पॅड असा धातू ओळखून थांबतं, लाइट ब्लिंक होते ती त्यासाठीच, स्वस्तातल्या पॅडचा मात्र भरवसा नाही. फोनच्या मागे चिकटवलेली धातूची रिंग काढा. कव्हरमध्ये मेट्रोचं किंवा बँकेचं कार्ड ठेवून चार्ज केलंत तर चिप किंवा काळी पट्टी जाऊ शकते, मग गेटवर कार्ड टॅप करत बसाल आणि मागे रांग.

गादीवर, उशीखाली चार्ज करणं बंद. गरमी बाहेर जायला जागाच नसते, आणि वायरलेसमध्ये वायरपेक्षा जास्त वीज उष्णतेत वाया जाते, फोनची कॉइल पॅडच्या कॉइलवर नीट बसली नसेल तर आणखी.

रात्रभर ठेवून सकाळी ८० टक्केच? बहुतेक वेळा फोनने तापला म्हणून किंवा बॅटरी जपायला स्वतःच थांबवलेलं असतं. अजिबात चढत नसेल तर कव्हर काढून बघा, खूप जाड असेल तर बहुधा तेच कारण. हळू चढत असेल तर ॲडॅप्टर बघा, १५ वॉटच्या पॅडला जुना ५ वॉटचा जोडलेला असतो. नवीन घ्यायला पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा तापकीर गल्लीत गेलात तर ॲडॅप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) मार्क आणि आर-ने सुरू होणारा नंबर शोधा, तो बीआयएस केअर ॲपमध्ये तिथेच उभं राहून टाकून बघा, दुकानदार काही म्हणत नाही.

पावसात भिजून आलात आणि पोर्ट ओला असेल, तर उलट वायरलेसच बरं, फक्त फोनची पाठ आणि पॅड कोरडं पुसून घ्या. तांदळाच्या डब्यात फोन खुपसू नका, बारीक कण पोर्टमध्ये जातात. आणि फोनची पाठ फुगलेली दिसली तर पॅडवरून लगेच उचला, चार्जिंग पूर्ण बंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही, फोन सर्व्हिस सेंटरला न्या आणि ती बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यातच द्या.