आखणीची हत्यारं भंगारातून

बडोद्यात आमच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नवी शेड टाकणारी पोरं मशीनसाठी कर्ज काढतात आणि आखणीला, म्हणजे कापायच्या-भोकाच्या खुणा धातूवर करायला, मात्र खिशातलं बॉलपेन. मग भोक सरकलं की ड्रिल मशीनच्या नावानं बोटं मोडायची. आखणीची कामचलाऊ हत्यारं एका रविवारात होतात, आणि स्वतः केलेलं हत्यार कुठे चुकतंय हे आपल्याला कळतं. मला त्यातलं हेच महत्त्वाचं वाटतं.

रेघ मारायच्या सुईसाठी झिजलेली नीडल फाइल, म्हणजे बारीक कानस, घ्या. टोकाचा कोन 12 ते 15 अंश. ग्राइंडरवर जरा टेकवायची, लगेच पाण्यात बुडवायची. टोक निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. तेवढा भाग घासून टाका. रेघ एकाच ओढीत मारायची. गिरवली की दोन रेघा होतात, आणि खरी कुठली ते देवाला ठाऊक.

रेघेवर बारीक ठिपका मारायच्या डॉट पंचला सिल्व्हर स्टीलची (पाणी देता येणारं हत्याराचं पोलाद) 8 मिमी सळई, बोटभर लांब. टोक 60 अंशांचं. घासताना सळई चाकाच्या दिशेत उभी धरून बोटांत फिरवत राहा, म्हणजे घासल्याचे ओरखडे टोकाकडे जातात. आडवे ओरखडे राहिले तर टोक तिथूनच तुटतं. आता पाणी द्यायचं. पुढचा 20 मिमी भागच तापवून लाल करा; लोहचुंबक चिकटेनासं झालं की उभी पाण्यात बुडवून हलवा. टोक एमरी पेपरनं चकचकीत करा आणि ज्योत मागच्या बाजूला धरा. रंग पुढे सरकत येतात, आधी गवती पिवळा, मागून तपकिरी, मग जांभळा. पिवळा टोकाला पोचला रे पोचला की पाण्यात. क्षणभर उशीर झाला तर टोक मऊ पडतं, पुन्हा पहिल्यापासून. डोक्याकडचा भाग मऊच राहू द्या. कडक डोक्यावर हातोडी बसली तर कपची उडते ती थेट डोळ्याकडे. मोडक्या ड्रिलचा पंच करणारे उस्ताद याच कारणानं मला पटत नाहीत. गॉगल घालाच. भोकाआधीचा सेंटर पंच असाच, फक्त टोक 90 अंशांचं.

रेघ दिसण्यासाठी मोरचूद. शेतीऔषधांच्या दुकानात मिळतं. चमचाभर अर्धा कप पाण्यात विरघळवा, तेल पुसलेल्या पोलादावर फडक्यानं फासा. तांब्याचा लालसर थर चढतो आणि त्यावर रेघ चमकते. विषारी आहे, घरातला कप नको. काम झालं की धुऊन तेलाचा हात फिरवा, नाहीतर गंज. ॲल्युमिनियमला साधा मार्कर बरा.

गोल सळईचा मध्य काढायला एक सरळ पट्टी घ्या आणि तिच्या एका टोकाला काटकोनात आडवी पट्टी रिव्हेट करा. आडव्या पट्टीत उभ्या पट्टीच्या एका कडेपासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर एकाच मापाच्या दोन पिना ठोका. दोन्ही पिना सळईला टेकवून त्या कडेनं रेघ मारा, सळई साधारण एक तृतीयांश फिरवून दुसरी, मग तिसरी. तिन्ही एकाच बिंदूत मिळाल्या तर हत्यार बरोबर. इवलासा त्रिकोण झाला तर पिना थोड्या सरकल्यात, तरी घाबरू नका. प्रत्येक रेघ मध्यापासून सारख्याच अंतरानं हुकलेली असते, म्हणून त्रिकोणाच्या पोटात पंच मारा. तोच मध्य.

काटकोन तपासायचा गुण्या लेझर कटिंगवाल्याकडून 3 मिमी पत्र्याचा एल आकारात कापून घ्या, पण तपासल्याशिवाय वापरू नका. प्लेटवर सरळ पट्टी क्लॅम्प करा, गुण्या तिला टेकवून रेघ मारा. मग गुण्या पालथा घालून, पट्टीला टेकवून, त्याच रेघेच्या बुडापासून दुसरी. 100 मिमी वर दोन रेघांत 0.2 मिमी फट दिसली तर गुण्याची चूक तिच्या निम्मी, 0.1. कोन कमी पडत असेल तर आतल्या कोपऱ्याजवळ पंचचा एक ठिपका मारा, धातू पसरून कोन उघडतो. जास्त असेल तर बाहेरच्या कोपऱ्याजवळ. एका वेळी एकच ठिपका, आणि पुन्हा दोन्ही रेघा.