घरच्या स्टिरिओसाठी पहिला रेकॉर्ड प्लेअर कसा निवडावा

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत, मग ते रामबागेत असो की राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत, माळ्यावर तबकड्यांचा एखादा तरी गठ्ठा निघतोच. आजोबांनी घेतलेली नाट्यगीतांची 78 ची (मिनिटाला 78 फेऱ्यांची) रेकॉर्ड, वडिलांच्या वेळच्या ख्यालाच्या एलपी, कोणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून आलेली भावगीतांची छोटी तबकडी, असा तो संमिश्र ऐवज असतो. तो ऐकावासा वाटला की बहुतेक जण आधी दुकान गाठतात, किंवा मोबाइलवर किमती पाहू लागतात. हा क्रम उलटा आहे. कोणता प्लेअर घ्यावा हे दोन गोष्टींवरून ठरते: घरात कोणत्या तबकड्या आहेत आणि घरातल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे कोणत्या जोडण्या आहेत. या दोन गोष्टी कागदावर लिहून काढल्या की बाजारातले निम्मे प्लेअर आपोआप बाद होतात.

प्रथम तबकड्या पाहाव्यात. 33⅓ फेऱ्यांची एलपी कोलंबिया कंपनीने 1948 मध्ये अमेरिकेत आणली आणि 45 फेऱ्यांची छोटी तबकडी आरसीए व्हिक्टरने 1949 मध्ये. आपल्याकडे मात्र 78 च्या तबकड्या 1960 च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे जे गाणे आपल्याला तितकेसे जुने वाटत नाही तेसुद्धा 78 वर सापडू शकते. लेबलावर फेऱ्यांचा आकडा नसेल तर तबकडी हातात तोलून पाहावी. 78 ची तबकडी लाखेची, जड आणि ठिसूळ असते, पडली की तिचे तुकडे होतात, एलपी वाकते. महत्त्वाचा फरक खाचेच्या रुंदीत आहे. एलपीच्या सुईचे टोक साधारण 18 मायक्रॉन त्रिज्येचे असते, तर 78 च्या सुईचे सुमारे 75 मायक्रॉन. एलपीची सुई 78 च्या रुंद खाचेत ठेवली तर ती भिंतींना टेकण्याऐवजी तळाशी साचलेल्या धुळीत घसरत राहते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. उलट प्रयोग, म्हणजे एलपीवर 78 ची सुई, कोणी करू नये. चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी सुईने एलपी वाजवून पाहण्याचा मोह तर आवरलाच पाहिजे. ती तबकडी एकदा वाजवल्यावरच कामातून जाते.

म्हणून 78 च्या तबकड्या चार-पाचांहून अधिक असतील, तर ज्याला तिन्ही गती आहेत आणि ज्याच्या कार्ट्रिजची (आर्म म्हणजे दांड्याच्या टोकाला सुई धरणाऱ्या डबीची) सुई बदलता येते असाच प्लेअर घ्यावा. उदाहरणार्थ, ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी120एक्स या प्लेअरला 33⅓, 45 आणि 78 या तिन्ही गती आहेत. त्यावर येणाऱ्या व्हीएम95 जातीच्या कार्ट्रिजला 78 साठीची वेगळी सुई मिळते. जुनी सुई ओढून काढायची आणि नवी बसवायची, हे मिनिटभराचे काम आहे. मात्र एलपीच्या सुईला सुमारे 2 ग्रॅम भार लागतो आणि 78 च्या सुईला 5 ग्रॅम, त्यामुळे सुई बदलली की आर्मच्या मागचे वजनही फिरवावे लागते. आमच्याकडे प्लेअरच्या झाकणावर सध्या कोणती सुई आहे त्याची चिठ्ठी डकवलेली असते, कारण एकदा 5 ग्रॅमच्या भाराखाली एलपीची सुई बसून गेली होती. घरात फक्त एलपी असतील तर हा सगळा खटाटोप करण्याचे कारण नाही.

आता अ‍ॅम्प्लिफायर. चुंबकीय कार्ट्रिजमधून बाहेर पडणारा संकेत अतिशय क्षीण असतो. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजचा सुमारे 3 ते 5 मिलिव्होल्ट, मूव्हिंग कॉइलचा त्याच्याही साधारण दहावा हिस्सा. शिवाय तबकडी कोरतानाच खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे स्वर चढवलेले असतात. एलपीच्या बाबतीत हे प्रमाण 1954 पासून आरआयएए या नावाने ठरलेले आहे, आणि अगदी तळाला, 20 हर्ट्झच्या आसपास, ही कपात जवळजवळ 20 डेसिबलची असते. खर्ज दाबला नाही तर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटांचे गाणे मावणारच नाही. ही कपात भरून काढून संकेत मोठा करण्याचे काम फोनो प्रीअ‍ॅम्प करतो. तो नसताना प्लेअर 'ऑक्स' या साध्या जोडणीत जोडला, तर आवाज बारीक येतो आणि तबल्यातला डग्गा नाहीसा होऊन नुसती चाट तेवढी वाजते.

म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे 'फोनो' असे लिहिलेल्या दोन गोल जोडण्या आणि त्यांच्याशेजारी तार आवळण्याचा एक स्क्रू आहे का, ते विजेरी घेऊन पाहावे. असेल तर प्रीअ‍ॅम्प नसलेला प्लेअरही चालेल. नसेल तर ज्याच्यात प्रीअ‍ॅम्प आहे असा प्लेअर घ्यावा, किंवा छोटी वेगळी पेटी जोडावी. दोन्हीकडे प्रीअ‍ॅम्प असल्यास प्लेअरच्या मागचा खटका 'फोनो'वर ठेवावा, नाहीतर तीच दुरुस्ती दोनदा होऊन आवाज घुमतो आणि फाटतो. जुन्या भारतीय अ‍ॅम्प्लिफायरांवर मॅग्नेटिक आणि सिरॅमिक अशा दोन वेगळ्या जोडण्या आढळतात. आजच्या कार्ट्रिजसाठी त्यांतली मॅग्नेटिक वापरावी.

सुटकेसच्या आकाराचे, स्वतःचेच स्पीकर असलेले रंगीत प्लेअर भेट म्हणून फार खपतात, आणि घरच्या स्टिरिओसाठी ते घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांतल्या बहुतेकांत सिरॅमिक कार्ट्रिज असते, सुईचा भार जास्त असतो आणि तो कमी करण्याची काही सोय नसते. शिवाय स्पीकर त्याच पेटीत असल्याने खर्जाच्या प्रत्येक ठोक्याला सुईच हलते. एखादी नवी तबकडी त्याने लगेच खराब होणार नाही. पण आजोबांची, पुन्हा न मिळणारी तबकडी त्यावर कशाला ठेवावी?

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याने एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण परदेशी पुस्तिकांत तिचा विचार आपल्या बाजूने केलेला नसतो. एलपीची गती स्थिर असली तरी सुईखालून सरकणाऱ्या खाचेची लांबी स्थिर नसते. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर खाच जाते, तर लेबलाजवळ जेमतेम 21. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोरलेला असल्याने तबकडीच्या आतल्या भागात सुईची खरी परीक्षा होते. आणि ख्यालाच्या एलपीवर आतल्या भागात नेमके काय असते? कडेला निवांत विलंबित आणि लेबलाजवळ द्रुत, तराणा, तानांचा पाऊस. बोथट, गोल टोकाची सुई विलंबित छान वाजवते आणि शेवटच्या तानांत 'स' आणि 'श' एक करून टाकते. म्हणून ख्याल ऐकणाऱ्याने लंबगोल टोकाच्या सुईचा आग्रह धरावा. व्हीएम95ई किंवा ऑर्टोफॉनची टूएम रेड ही या जातीची नेहमीची कार्ट्रिजे आहेत. दुकानात प्लेअर ऐकून पाहण्याची सोय असेल तर घरून द्रुतची एलपी घेऊन जावे आणि सुई थेट शेवटच्या दोन मिनिटांवर ठेवायला सांगावे. विक्रेता पहिले गाणे लावून देईल. पहिले गाणे सगळ्याच प्लेअरांवर चांगले वाजते.

मोटारीबद्दल लिहिताना स्वतःची फजिती सांगणे भाग आहे. आमच्या एका आतेभावाने अमेरिकेतून येताना जुना, पट्ट्याचा, देखणा प्लेअर आणला. 120 व्होल्टचा, म्हणून महारानी रोडवरून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला, प्लेअर जोडला, आणि बाई गाऊ लागल्या त्या खोल, दमलेल्या, जवळजवळ पुरुषी आवाजात. तासभर पट्टा ताणण्यात आणि कार्ट्रिजला दोष देण्यात गेला. शेवटी मोबाइलमधला तंबोरा लावून पट्टी पाहिली, तर काळी चारची गायिका पांढरी चारच्याही किंचित खाली उतरली होती. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता बदलत नाही. त्या प्लेअरची सिंक्रोनस मोटार 60 हर्ट्झच्या विजेवर चालण्यासाठी केलेली होती आणि आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून 33⅓ च्या जागी ती 28 फेऱ्याही पुऱ्या करत नव्हती. अशा मोटारीला 50 हर्ट्झची वेगळी पुली बसवावी लागते, आणि ती मिळतेच असे नाही. तात्पर्य, परदेशातून येणाऱ्या किंवा जुन्या बाजारातून घेतलेल्या प्लेअरच्या बुडाखालची पट्टी आधी वाचावी. अ‍ॅडॅप्टरवर चालणाऱ्या डीसी मोटारीच्या किंवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या प्लेअरांत ही अडचण येत नाही.

गती तपासायला यंत्र लागत नाही. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा ठेवून 3 मिनिटांत किती फेऱ्या होतात ते मोजावे; 33⅓ वर बरोबर 100 भरल्या पाहिजेत.

पट्ट्याचा प्लेअर चांगला की थेट मोटारीचा, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पहिल्या खरेदीपुरते एवढे पुरे: पट्टा मोटारीची थरथर शोषून घेतो, पण इथल्या उन्हाळ्यात काही वर्षांनी रबर कडक होते आणि पट्टा बदलावा लागतो, थेट मोटारीत तो प्रश्नच नाही, गती लगेच पकडली जाते, आणि टेक्निक्सच्या एसएल-1200 सारखे 1972 पासूनचे नमुने आजही चालताना दिसतात. रेगा प्लॅनर 1 हा पट्ट्याचा प्लेअर आवाजाला गोड आहे, पण 33 वरून 45 वर जाताना प्लॅटर (तबकडीखालची फिरती थाळी) उचलून पट्टा हाताने सरकवावा लागतो आणि त्यात प्रीअ‍ॅम्प नसतो. घरात वयस्कर माणसे एकटी ऐकणार असतील, हात थोडा थरथरत असेल, तर मात्र शुद्धतेचा आग्रह सोडून स्वयंचलित प्लेअर घ्यावा. एटी-एलपी60एक्समध्ये बटण दाबले की आर्म आपोआप तबकडीवर जातो आणि संपल्यावर परत येतो; सुई बदलता येते, भार बदलता येत नाही, 78 ची गती नाही. माझ्या आईसाठी मी तोच घेतला, आणि लंबगोल सुईबद्दल वर जे लिहिले आहे ते तिला सांगायला गेलो नाही.

जुना प्लेअर घ्यायचा झाल्यास जेल रोडच्या दुरुस्तीच्या दुकानांत चौकशी करता येते, पण तिथे वस्तू 'चालू आहे' याचा अर्थ प्लॅटर फिरतो एवढाच असू शकतो. आर्म दोन बोटांत धरून अगदी हलके वर-खाली आणि आजूबाजूला हलवून पाहावा. बिजागरीत खडखड जाणवली तर तो प्लेअर सोडावा. आर्म उचलण्याची दांडी खाली केल्यावर सुई अलगद उतरली पाहिजे, धप्पकन नव्हे. जुन्या स्वयंचलित यंत्रणेतले ग्रीस सुकून दगड झालेले असते, आणि ते खरवडून नवे भरणारा कारागीर ओळखीचा नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. सुईचा खर्च किमतीत वेगळा धरावा, कारण जुन्या प्लेअरवरची सुई किती तास वाजली आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. लंबगोल सुईचे आयुष्य साधारण 300 तास आणि गोल सुईचे 500 धरतात.

घरी आणल्यावर जागा ठरवावी. जुन्या घरांतल्या लाकडी तक्तपोशीच्या मजल्यावर कोणी टाचा आपटत चालले की सुई उडी मारते. तिथे टेबलापेक्षा भिंतीत ठोकलेली फळी बरी. प्लॅटरवर गवंड्याची पाणसळ ठेवून दोन्ही दिशा पाहाव्यात आणि पायांखाली पुठ्ठा देऊन सपाटी साधावी. मग मागचे वजन असे फिरवावे की आर्म हवेत आडवा तरंगेल, आकड्यांची चकती शून्यावर आणावी, आणि कार्ट्रिजच्या कागदावर दिलेल्या भाराइतके वजन पुढे घ्यावे. आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली अँटी-स्केटची चकती साधारण त्याच आकड्यावर ठेवावी. सगळे जोडूनही तंबोऱ्याच्या खर्जासारखी अखंड गुणगुण ऐकू येत असेल, तर प्लेअरची बारीक काळी तार अ‍ॅम्प्लिफायरच्या त्या स्क्रूखाली आवळलेली नाही असे समजावे. आवळूनही आवाज गेला नाही, तर भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. आमच्या घरी तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती.