राष्ट्रीय चिन्हांच्या प्रश्नात गुण का जातात? या चुका टाळा

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत विचारा, राष्ट्रीय चिन्हं आणि वास्तू हा भाग मुलं 'हातचे गुण' म्हणून सोडून देतात. स्पर्धा परीक्षेच्या आदल्या रात्री यादीवरून नजर फिरवायची, वाघ, मोर, कमळ, वड म्हणायचं आणि झोपायचं. पेपर काढणारा मात्र राष्ट्रीय प्राणी कोणता एवढंच विचारत नाही. चार विधानं देतो आणि त्यातली बरोबर कोणती ते विचारतो. तिथे यादी कामाला येत नाही. शिवाय हा आपला झेंडा आहे, आपली मुद्रा आहे. ती नीट माहीत असावी ही अपेक्षा परीक्षेपुरती नाही.

'राष्ट्रीय' हे कुणी ठरवलं, तेच न बघणं

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. हॉकी आपला राष्ट्रीय खेळ, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. माहितीच्या अधिकारात २०१२ साली विचारलेल्या प्रश्नावर केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने स्पष्ट कळवलं की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. हिंदीचंही तसंच. अनुच्छेद ३४३ नुसार देवनागरी लिपीतली हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. 'राष्ट्रभाषा' म्हणून संविधानात कोणत्याही भाषेचं नाव नाही आणि आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत.

उपाय सोपा आहे. वहीत 'चिन्ह' आणि 'उत्तर' असे दोनच रकाने असतात, त्याला तिसरा जोडा: कुणी आणि कधी ठरवलं. मग आपोआप दिसायला लागतं की राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांचा आदर हे ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ५१-क मधलं पहिलंच कर्तव्य आहे. ध्वजाचा अवमान १९७१ च्या कायद्याखाली येतो, बोधचिन्हाचा गैरवापर २००५ च्या. गंगा राष्ट्रीय नदी ठरली ती २००८ मधल्या केंद्र सरकारच्या घोषणेने. वाघाच्या आधी राष्ट्रीय प्राण्याचा मान सिंहाकडे होता. आणि हत्ती? तो 'राष्ट्रीय वारसा प्राणी', २०१० पासून. गंगेतला डॉल्फिन 'राष्ट्रीय जलचर'. वाघ, हत्ती आणि डॉल्फिन एकाच प्रश्नात आले की मुलं गडबडतात. तिसरा रकाना भरलेला असेल तर गडबड होत नाही.

राजमुद्रा रोज दिसते, पण बघत कुणीच नाही

घरातला पासपोर्ट काढा आणि मुखपृष्ठावरचं चिन्ह निरखून बघा. सिंह तीन दिसतात, पण सारनाथच्या अशोकस्तंभावरच्या मूळ शिल्पात ते चार आहेत, पाठीला पाठ लावून बसलेले. त्यांच्या पायाखालच्या पट्टीवर मधोमध चक्र आहे. आपल्या उजव्या हाताला बैल आणि डाव्या हाताला घोडा आहे. दोन्ही टोकांना आणखी दोन चक्रांच्या नुसत्या कडा दिसतात. सारनाथच्या मूळ स्तंभशीर्षावर याच पट्टीवर हत्ती आणि सिंहही कोरलेले आहेत, समोरून ते दिसत नाहीत एवढंच. 'बोधचिन्हात दिसणारे प्राणी' आणि 'स्तंभशीर्षावर कोरलेले प्राणी' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही विचारले जातात. मूळ शिल्पात खाली उलट्या कमळाच्या घंटेसारखा भाग आहे, तो २६ जानेवारी १९५० ला स्वीकारलेल्या चिन्हात घेतलेला नाही.

'सत्यमेव जयते' हे शब्द सारनाथच्या दगडावर नाहीत. ते मुंडकोपनिषदातले आहेत आणि चिन्हाखाली देवनागरीत असतात. सर्वोच्च न्यायालयाचं वाक्य वेगळं: 'यतो धर्मस्ततो जयः'. ते महाभारतातलं.

आपल्या राज्याच्या मुद्रेबाबत तर हुशार मुलंही फसतात. मध्ये समई आणि भोवती संस्कृत ओळ आहे. 'प्रतिपच्चंद्रलेखेव' म्हटलं की पुढे 'शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते' हे आपल्या ओठांवर असतंच. पण ती शिवाजी महाराजांची राजमुद्रा झाली. राज्याच्या मुद्रेत त्या जागी 'महाराष्ट्रस्य राज्यस्य' असे शब्द आहेत. हा फरक एकदा मोठ्याने वाचून पाहा, पुन्हा विसरणार नाही.

राज्याचं आणि देशाचं एकाच गाठोड्यात बांधणं

आंबा हे राष्ट्रीय फळ, पण महाराष्ट्राचा राज्यवृक्षही आंबाच. राष्ट्रीय वृक्ष मात्र वड. पर्यायांत वड आणि आंबा शेजारी-शेजारी दिले की अर्धा वर्ग घसरतो. पक्षी: देशाचा मोर, राज्याचा हरियल. फुलपाखरू: राज्याचं ब्लू मॉर्मन, २०१५ पासून, आणि राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. राज्यगीत 'जय जय महाराष्ट्र माझा', २०२३ पासून. शब्द राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचं.

राज्याचं फूल ताम्हण पुस्तकात शोधण्यापेक्षा रस्त्यावर शोधा. महाराष्ट्र दिनाच्या आसपास पुण्यात ते फुललेलं असतं. नीलमोहरही याच दिवसांत जांभळा होतो आणि लोक त्यालाच ताम्हण समजून फोटो पाठवतात. जवळ जाऊन बघा. नीलमोहराचं फूल नळीसारखं लांबट असतं. ताम्हणाच्या पाकळ्या सुट्या, चुरगळलेल्या तलम कापडासारख्या, आणि मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. शेकरूसाठी थोडं लांब जावं लागतं. भीमाशंकरच्या अभयारण्यात उंच झाडांच्या शेंड्यावर काटक्या-पानांचं गोल घरटं दिसलं की त्याच्या मालकाची वाट बघत थांबा. तांबूस पाठ, फिकट पोट आणि शरीराएवढी लांब शेपटी असलेली ही मोठी खार म्हणजे आपला राज्यप्राणी.

तारखांची सरमिसळ

रचना कधी झाली, पहिल्यांदा गायलं कधी आणि स्वीकारलं कधी, या तीन वेगळ्या तारखा आहेत. 'जन गण मन' कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात २७ डिसेंबर १९११ ला गायलं गेलं आणि २४ जानेवारी १९५० ला स्वीकारलं गेलं. 'वंदे मातरम्' १८९६ च्या अधिवेशनात रवींद्रनाथांनी गायलं. त्याला समान मान देण्याची घोषणा त्याच २४ जानेवारी १९५० ची. राष्ट्रध्वज २२ जुलै १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधी. राष्ट्रीय दिनदर्शिका शके गणनेची, २२ मार्च १९५७ पासून. तिचा १ चैत्र २२ मार्चला येतो, लीप वर्षात २१ मार्चला. त्यामुळे गुढीपाडवा आणि राष्ट्रीय दिनदर्शिकेचा पहिला दिवस एकच असेल असं धरून चालू नका.

जुनं गाइड

अप्पा बळवंत चौकात स्वस्तात मिळणारी जुनी पुस्तकं इतिहासाला चालतात, या विषयाला नाही. सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ तिरंगा फडकवता येतो, असं त्यात सापडेल. जुलै २०२२ च्या दुरुस्तीनंतर नागरिकाला घरी दिवसरात्र ध्वज लावता येतो. डिसेंबर २०२१ पासून पॉलिस्टर आणि यंत्रावर तयार झालेला ध्वजही चालतो. न बदललेल्या गोष्टी म्हणजे ३:२ हे प्रमाण, चक्राच्या २४ आऱ्या आणि चक्राचा गडद निळा रंग. सोसायटीच्या सभागृहात ध्वज उभा लावताना होणारी चूक तर दर पंधरा ऑगस्टला दिसते: केशरी पट्टा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला यायला हवा.

जुन्या गाइडमध्ये संसद भवन म्हणजे गोल इमारत. नव्या भवनाचं उद्घाटन २८ मे २०२३ ला झालं आणि जुनं आता संविधान सदन आहे. राजपथ कर्तव्य पथ झाला. अमर जवान ज्योत इंडिया गेटखाली शोधू नका. जानेवारी २०२२ मध्ये ती राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या ज्योतीत विलीन केली.

वास्तूंची अदलाबदल

इंडिया गेट दिल्लीत, पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्या भारतीय सैनिकांचं स्मारक, ल्युटेन्सने आराखडा केलेलं, १९३१ मध्ये खुलं झालेलं. गेटवे ऑफ इंडिया मुंबईत, जॉर्ज विटेटचा. १९११ मध्ये इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज आला तो याच कमानीतून, ही समजूत चुकीची आहे. तेव्हा कमान नव्हतीच, फक्त तिची पुठ्ठ्याची प्रतिकृती होती. खरी कमान ४ डिसेंबर १९२४ ला खुली झाली आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण तिथूनच गेली.

पुण्यात बाहेरगावच्या पाहुण्यांना नेहमी सांगावं लागतं की शनिवारवाड्यात शिवाजी महाराज राहिले नाहीत. महाराजांचं देहावसान १६८० चं, वाड्याची पायाभरणी १७३० ची, पहिल्या बाजीरावाच्या काळातली. महाराजांचं बालपण गेलं ते जवळच्या लाल महालात, आणि आज उभी असलेली लाल महालाची इमारतही मूळ नाही. ती विसाव्या शतकात महापालिकेने बांधली.

आता सध्या सर्वाधिक चुकणारा प्रश्न. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. पुणेकर डोळे मिटून सिंहगडावर खूण करतो. सिंहगड त्या यादीत नाही. पुणे जिल्ह्यातले आहेत शिवनेरी, लोहगड आणि राजगड. बारापैकी अकरा महाराष्ट्रात, बारावा जिंजी, तमिळनाडूत. उरलेले आठ: साल्हेर, रायगड, प्रतापगड, पन्हाळा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग.

इतकं करूनही लोकसेवा आयोगाच्या पहिल्या उत्तरतालिकेत एखादं उत्तर चुकीचं वाटलं, तर हरकत नोंदवताना क्लासच्या नोट्स जोडू नका. राजपत्र, शासन निर्णय, ध्वजसंहिता किंवा संविधानाचा अनुच्छेद जोडा, आणि नेमकी ओळ अधोरेखित करून द्या.